मोदकाचा डेमो ठेवतोयस ना, मग आधी हे वाच

प्रिय बाळा,

भांडी विकायला डेमो ठेवतोयस, त्याचा तू पाठवलेला कार्यक्रम नीट वाचला. पहिला पाऊण तास बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याची माहिती, मग मोदकपात्र, मग इंडक्शन, आणि सगळ्यात शेवटी "प्रत्यक्ष मोदक करून दाखवणे". माहिती बरोबर आहे, मेहनत दिसतेय, पण क्रम पूर्ण उलटा कर. लोक येऊन बसले की पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे हात उकडीत गेले पाहिजेत. आणि "करून दाखवणे" नाही, करून घ्यायचे, त्यांच्याकडून. इतकी वर्षं हे काम करतेय त्यातून एक गोष्ट मला पक्की कळलीय, नुसतं बघणारी बाई छान झालं हो म्हणते आणि घरी जाते, आणि जिने स्वतः पाच मोदक वळले ती चाळणी उलटीपालटी करून बघते आणि विचारते, हे केवढ्याला.

टपरवेअरचे प्लास्टिकचे डबे तुझ्या आईकडे आहेत, त्यांचीच गोष्ट सांगते. अर्ल टपरने अमेरिकेत ते १९४० च्या दशकात काढले तेव्हा दुकानात फारसे खपत नव्हते, कारण त्या झाकणाची एक खुबी होती, थोडी हवा बाहेर काढून दाबलं तरच ते घट्ट बसायचं, आता फळीवरच्या डब्याकडे नुसतं बघून हे कुणाला कळणार? ब्राउनी वाइज नावाची बाई घरोघरी बायका जमवून ते झाकण त्यांच्याच हातात द्यायची. तिची विक्री बघून टपरने १९५१ मध्ये तिला कंपनीत मोठ्या पदावर घेतलं आणि दुकानांतला माल काढून घेऊन सगळी विक्री घरगुती पार्ट्यांतूनच सुरू केली. १९५४ मध्ये ती बिझनेस वीक या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आली, तिथे येणारी पहिली बाई. आणि १९५८ मध्ये तिला कंपनीतून काढून टाकलं, ते वाचलं की मला आजही राग येतो. भारतात टपरवेअर १९९६ मध्ये आलं आणि आपल्या कितीतरी बायकांनी त्यावर पहिली स्वतःची कमाई केली.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे तुझ्या प्रत्येक वस्तूतली ती झाकणाची गोष्ट कुठली ते तू आधी शोध, म्हणजे हात लावल्याशिवाय कळतच नाही अशी गोष्ट. तव्याचं वजन. मोदकपात्रात पाणी कुठवर भरायचं. साच्याला तुपाचं बोट किती फिरवायचं. बाकी सगळं तर पाकिटावर छापलेलं असतंच, ते वाचून दाखवायला त्यांना तुझी गरज नाही.

माणसं किती बोलवायची ते विचारलंस. आठ ते दहा, बस. तीस माणसं हॉलमध्ये आली तर फोटो छान येतो पण मागच्या वीस जणी फक्त पुढच्यांच्या पाठी बघतात. आधी कुणाच्या तरी घरी कर, सोसायटीचा हॉल नंतर. जिच्या घरी करशील तिला काहीतरी वस्तू भेट द्यायची रीत आहे, जरूर दे, पण सगळ्यांसमोर दे आणि सांगून दे, म्हणजे नंतर जिन्यात कुजबुज नको.

आणि बोलावताना एक कर. हे हळदीकुंकू नाही, त्यामुळे हळदीकुंकवाला ज्यांना बोलावलं जात नाही त्या मावश्या-आज्यांना तू स्वतः दारात जाऊन नावाने बोलाव. त्यांच्यातल्याच एखादीचा हात मोदकावर असा चालतो की बघत राहावं. पुरुषांनाही बोलाव, रिटायर झालेल्या काकांना बायकोचं बघून एखादा पदार्थ शिकायची खूप इच्छा असते, विचारत कुणी नाही.

दिवस बघून ठरव. संकष्टीला ठेवू नकोस, मोदकाचा दिवस म्हणून सुचेल तुला, पण ज्यांचा उपास असतो त्यांना चंद्रोदयापर्यंत चव घेता येत नाही आणि चव न घेता कोण काय घेणार. श्रावणातले सोमवारही टाळ. गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधीचा रविवार सगळ्यात बरा, नोकरीवाल्या मुली येतात आणि खऱ्या गिऱ्हाईक त्याच असतात, कारण त्यांना यंदा घरी उकडीचे करायचे असतात आणि सासरी-माहेरी शिकवायला कुणाला वेळ नसतो.

आता मोदकाचं. सारण घरून करून ने, दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, वेलची, थोडं जायफळ, आणि ते पूर्ण गार झालेलं पाहिजे, गरम सारण पारी, म्हणजे मोदकाचं आवरण, फाडतं. उकड मात्र तिथेच, सगळ्यांसमोर काढायची. वाटीभर तांदळाच्या पिठीला वाटीभर पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप, पाण्याला खळखळून उकळी आली की पिठी घालून ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं दणदणीत वाफ, आणि मग परातीत काढून गरम असतानाच मळायची. मळायला तू बसू नकोस, दोघीतिघींना दे, शेजारी गार पाण्याची वाटी आणि तेलाची वाटी ठेव, आळीपाळीने मळू दे. पिठी आदल्या दिवशी घरी करून बघायचीच, आंबेमोहोरची असो की बासमतीची की विकतची मोदक पिठी, प्रत्येक पिठी पाणी वेगळं पिते, तिथे जाऊन पहिल्यांदा पाकीट फोडायचं नाही.

पारी फाटेल, फाटणारच, आणि ती फाटली की घाबरून तू स्वतः हातात घेऊ नकोस. हा मोह सगळ्यात मोठा असतो. उकड कोरडी असली की कडेला चिरा पडतात, पाण्याचा हात लावून परत मळायला सांग, चिकटत असेल तर तेलाचं बोट. तीच बाई परत करेल आणि या वेळी जमेल, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे येतं ना त्यापुढे तुझं पाठ केलेलं सगळं फिकं आहे. एवढी एक गोष्ट साधली तरी डेमो झाला समज.

एक आजी नक्की म्हणतील, साच्याचे मोदक कसले रे, मोदक हाताच्या कळ्यांचे. वाद घालायचा नाही. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना मधे बसव, हाताने कळ्या करायला सांग, आणि ज्यांना अजिबात येत नाही त्यांना साचा दे. दोन्ही एकाच चाळणीत उकडायला जातील आणि ज्याला जे हवं ते तो बघून ठरवेल. आजी शिकवायला लागल्या तर तू गप्प बसून चाळणी लाव. आपला डेमो दुसऱ्याच कुणी ताब्यात घेतला असं वाटून खट्टू होऊ नकोस, तोच चांगला डेमो.

मोदकपात्रात पाणी आधी उकळत ठेवायचं, चाळणीवर केळीचं किंवा हळदीचं पान, मोदक गार पाण्यात पटकन बुडवून पानावर ठेवायचे आणि दहा-बारा मिनिटं उकडायचे. ही दहा-बारा मिनिटं सोन्याची आहेत रे. सगळ्यांचे हात रिकामे असतात, सगळ्या उत्सुक असतात आणि जायची कुणाला घाई नसते, वासच सोडत नाही. याच वेळात बिडाचा तवा काढायचा. थालीपीठ लाव, चातुर्मास असतो म्हणून एक गोळा बिनकांद्याचा वेगळा आणि तो तव्यावर पहिला. मधे भोक, तेलाचे चार थेंब, आणि उलटायला कालथा समोरच्याच्या हातात. तवा नीट तयार केलेला असेल तर थालीपीठ आख्खं सुटतं, त्यावर तुला एक शब्द बोलावा लागत नाही.

पण तव्याबरोबर तुझ्या घरचा जुना, रोज वापरातला तवा पण ने. नवा तवा सगळेच दाखवतात. जुना बघितला की लोकांना कळतं वर्षभराने हा कसा दिसणार आहे. आणि तव्याचे दोष तूच आधी सांग, की तो दोन-अडीच किलोचा आहे, पडला तर तडकू शकतो, तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नाही, धुतला की लगेच पुसून तेलाचा हात, आणि बिडाच्या कढईत चिंच-आमसुलाची आमटी उकळत ठेवायची नाही. मग तवा प्रत्येकीच्या हातात दे, एका हाताने उचलायला लाव. ज्या काकूंचं मनगट दुखतं त्यांना तू स्वतः सांग, काकू हा तुमच्यासाठी नाही, पत्र्याचा लोखंडी हलका तवा घ्या, आणि तो तुझ्याकडे नसेल तर बाजारात कुठल्या दुकानात मिळेल ते पण सांग. त्या काकू तुझ्याकडून त्या दिवशी काही घेणार नाहीत. पण पुढची तीन घरं त्याच पाठवतात, हे मी परत परत बघितलंय, आणि नसत्या पाठवल्या तरी हेच सांगायला हवं.

नॉनस्टिक विकणार असशील तर तेही तसंच, रिकामं भांडं मोठ्या आचेवर तापत ठेवायचं नाही हे ठणकावून सांग, २६० अंश सेल्सिअसच्या वर तो थर खराब व्हायला लागतो. कुकरवर आयएसआय मार्क नसेल तर तो विकायचाच नाही, १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे. स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊन ठेवला असशील तर परत कर.

इंडक्शनसाठी सगळ्यांना निरोप दे की येताना घरातलं एक नेहमीचं पातेलं आणा. आणि तू एक लोहचुंबक घेऊन जा, तळाला लावायला त्यांनाच दे. चिकटलं तर चालणार, नाही चिकटलं तर नाही. ॲल्युमिनियमचं चालत नाही, तांब्याचं चालत नाही, स्टीलचं काही चालतं काही नाही, आणि घरोघरी पातेली वेगळी असल्यामुळे हा खेळ फार रंगतो. त्यातून प्रत्येकीला स्वतःचं उत्तर मिळतं, की मला इंडक्शन घ्यायचं तर अजून किती भांडी नवी घ्यावी लागतील. हा खर्च तिला तुझ्यासमोर कळू दे, घरी गेल्यावर नको.

आणि लाईटचं बघून ठेव. २००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं, त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये बहुतेक वेळा भिंतीला छोटेच प्लग असतात. एका एक्स्टेंशन बोर्डवर दोन इंडक्शन लावलीस तर वायर तापेल नाहीतर सगळ्या हॉलचा लाईट जाईल. आदल्या दिवशी जाऊन प्लग बघ, वॉचमन काकांना एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, कुठे आहे ते विचार. गॅस वापरणार असशील तर कमिटीची लेखी परवानगी घे, आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब बसव, मोदकपात्राचं झाकण उघडताना वाफ हातावर येते, झाकण स्वतःपासून पलीकडे तोंड करून उघडायचं हे प्रत्येकीला दाखव.

पैशाचं बोलायला लाजतोस असं तुझी आई म्हणाली. म्हणून सोपं करते. प्रत्येक वस्तूपुढे किमतीचा कागद पहिल्यापासून उभा ठेव, ठळक अक्षरात. किंमत लपवून शेवटी सांगितली की लोकांना वाटतं आपल्याला गुंडाळलं. "फक्त आजच" वगैरे अजिबात नको. शेजारीपाजारी आहेत सगळे, एकीने घेतलं म्हणून दुसरीला नाही म्हणणं जड जातं, त्या अवघडलेपणाचा फायदा घ्यायचा नाही. एका वहीत नाव आणि वस्तू लिहून घे, विचार करून उद्या कळवा म्हण, बिल दे, काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा ते बिलावर लिही. ग्रुपमध्ये न विचारता कुणाला ॲड करू नकोस. आठवड्याने एक फोन कर, विकायला नाही, तवा कसा चाललाय विचारायला. चिकटतोय म्हणाल्या तर जाऊन परत तेल देऊन तापवून दे.

त्या दुसऱ्या कंपनीचं विचारलंयस, जी म्हणते की आधी किट विकत घे आणि मग खाली दहा माणसं जोड. तिकडे जाऊ नकोस. माणसं जोडल्याचे पैसे मिळतात आणि वस्तू नावापुरती असते तिथे शेवटी आपल्याच नात्यातल्या कुणाचे तरी पैसे बुडतात. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिड स्कीमला बंदी आहे. कुठल्याही कंपनीसाठी विकत असशील तर ओळखपत्र जवळ पाहिजे आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे, पाळ.

मुलगा आहेस म्हणून पहिली पाच मिनिटं सगळ्या तुझी परीक्षा घेतील, तुला येतो का रे मोदक करता. येतो ना तुला, सात कळ्यांचा का होईना. एक करून दाखव आणि परात पुढे सरकव.

पिठी कुठली घेतोस ते मला कळव, आणि शनिवारी घरी एक वाटीची उकड काढून फोटो पाठव, कडेला चिरा दिसल्या तर रात्रीच फोनवर बोलू.

तुझी,
मावशी