कार्बनच्या काळ्या बोर्डवर चित्र दिसतच नाही!

प्रश्न : तीन महिने खपून घरीच काइटबोर्ड (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर सरकायची फळी) बनवलाय, आत फोम, वरून कार्बन फायबर आणि इपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवला की घट्ट होणारं रेझिन. त्यावर मुलीने काढलेला मासा टाकायचाय. टिश्यू पेपरवर इंकजेटने प्रिंट काढला, कार्बनच्या उरलेल्या तुकड्यावर रेझिनने चिकटवून बघितला तर मासा गायबच झाला. शिवाय बोर्डवर सुईच्या टोकाएवढी भोकं राहिलीत आणि मध्ये मध्ये हाताला मेणचट लागतं. वरून रेझिनचा अजून एक हात मारला की झालं ना?

उत्तर : आधी तुकड्यावर करून बघितलंत ते फार बरं केलंत, नाहीतर तीन महिन्यांच्या मेहनतीवर तो प्रयोग झाला असता. मासा गायब झाला त्यात तुमची काही चूक नाही. टिश्यू रेझिन प्यायला की आरपार दिसायला लागतो, पांढऱ्या फोमवर ही युक्ती झकास चालते ती त्यामुळेच, पण साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, चित्रातला पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा, आणि कागद आरपार झाला की मागे उरतो काळा कार्बन. म्हणजे पांढरा तुम्हालाच आणून द्यायला लागणार.

पण त्याआधी ते मेणचट. इपॉक्सी दमट किंवा गार हवेत सेट होताना कधी कधी वर असा थर येतो, तो पाण्यात विरघळतो, म्हणून साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन अख्खा बोर्ड धुवा, फडक्याने लगेच पुसून घ्या. सॅंडपेपर नंतर! आधी घासलंत तर ते मेण पृष्ठभागात चोळलं जातं आणि पुढचा हात खड्डे पडून फाटतो. मग १२० नंबरचा वॉटर पेपर, ओलाच घासा, बारीक धुळीचा मास्क लावून. घासताना निघणारं पाणी बघत राहा : दुधाळ आहे तोवर रेझिनच निघतंय, काळं दिसलं की हात थांबवा, तुम्ही कार्बनपर्यंत पोचलात.

भोकांसाठी बोर्ड जरासा कोमट करा आणि तो गार होत असताना रेझिन स्क्वीजीने (रबरी पट्टीने) दाबून ओढा. भोकातली हवा आकसते आणि रेझिन आत खेचून घेते. सकाळी गार बोर्डवर हात मारून ऊन चढू दिलंत तर नेमकं उलटं होतं, फुगलेली हवा बुडबुडे काढत बाहेर येते.

आता मासा. मास्किंग फिल्मवर (रंग लागू नये म्हणून चिकटवायच्या पातळ प्लास्टिकवर) त्याची बाह्यरेषा कापून घ्या, पण रेषेच्या दीड-दोन मिलिमीटर आतून, म्हणजे कडेने पांढरं डोकावणार नाही. त्या खिडकीत इपॉक्सीत पांढरी पिगमेंट पेस्ट कालवून पातळ दोन हात द्या, सेट झालं की हलकं घासा. मग ओलं रेझिन, त्यावर टिश्यू, आणि ब्रशने मधून कडेकडे थापत न्या. शेपटीच्या टोकाला घडी पडतेच, तिथे ओढू नका, ओला टिश्यू लगेच फाटतो, ब्रशचं टोक टेकवून टेकवून बसवा. शाई पसरते का ते आधी तुकड्यावर बघाच, पिगमेंट शाई (विरघळलेल्या रंगाऐवजी रंगाचे बारीक कण असलेली) असेल तर बरं. वरून चौरस मीटरला ५० ते ८० ग्रॅम भरणारं ग्लास कापड (काचेच्या धाग्यांचं), ते भिजलं की दिसतही नाही आणि चित्र ओरखड्यांपासून वाचतं. व्हिनाइल स्टिकर रेझिनखाली घालायचा मोह होईल, नका घालू, रेझिन त्याला नीट धरत नाही आणि कडा सुटायला लागतात.

शेवटी तुमच्या मूळ प्रश्नाकडे : नुसत्या रेझिनवर थांबू नका. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, अतिनील किरणांनी पिवळी पडते, वरून खडूसारखी होते, आणि त्या पिवळ्याखाली मुलीचा मासा मळकट दिसेल. रेझिन पूर्ण पक्कं होऊ द्या, पाकिटावर लिहिलेत तेवढे दिवस थांबा, मग ३२०-४०० नंबरने घासून यूव्ही (अतिनील) संरक्षणाचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, पॉलियुरेथेनचा पारदर्शक क्लिअर कोट मारा. पण तो घरात स्प्रे करू नका हो, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, धुळीचा मास्क त्याला काहीच अडवत नाही. गाड्या रंगवणाऱ्या बूथवाल्याकडून करून घ्या, मी हे काम स्वतः करायला जात नाही.

आणि बोर्ड वापरात आल्यावर किनाऱ्यावर उघडा ठेवू नका, काळा कार्बन उन्हात भलताच तापतो आणि घरगुती तापमानाला सेट केलेली बरीचशी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, मग कितीही घासून गुळगुळीत केलेलं असलं तरी खालची विणकाम-नक्षी वर उमटते. उन्हात फिक्या रंगाचं कव्हर घाला.