क्लास-ऑब्जेक्ट कळत नाही, म्हणजे फील्डच चुकलं का?

मी विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. फेब्रुवारी-मार्च आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. ‘मॅडम, सी जमत होतं, जावा सुरू झाल्यापासून काहीच कळत नाही. मी फील्ड चुकले का?’ सी आणि जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. बीएस्सी आयटी असो, बीसीए असो की डिप्लोमा, पोरं अडतात ती ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगपाशी: क्लास म्हणजे एका जातीच्या गोष्टींचा साचा आणि त्यातून घडवलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, अशी ती मांडणी.

सायली (नाव बदललंय) कळव्याहून दादरला यायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स. पहिल्या सेमला सीमध्ये चांगले मार्क. आई सोबत आली होती आणि बोलत होती तीच. ‘‘रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते हो. आता म्हणते कॉमर्सला जाते. वर्षाची फी भरून झालीये.’’

आईंना जरा बाहेर बसवलं. आधी झोप, जेवण, हजेरी, मैत्रिणी यांची चौकशी केली. अभ्यासाचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या मुलाची खरी अडचण कधी कधी भलतीच असते, म्हणून हे मी चुकवत नाही. (जगणंच नको वाटतंय असं मूल म्हणत असेल, तर माझ्यासारखीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.) सायलीचं तसं काही नव्हतं. जागरणं जावामुळेच होती.

समुपदेशनात येण्याआधी मी पॉलिटेक्निकला प्रोग्रॅमिंग शिकवायचे, म्हणून जर्नल बघायला मागितलं. अक्षर सुरेख, सगळी प्रॅक्टिकल्स पूर्ण, प्रत्येकावर सही. क्लासची व्याख्या इंग्रजीत खडाखडा म्हणाली. ट्रेनमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर व्हिडिओ बघते, तेव्हा सगळं कळतं म्हणे. म्हटलं, आता कोऱ्या कागदावर एक क्लास लिही, कुठलाही. तिने पेन उचललं आणि तशीच थांबली.

‘‘पण कशाचा क्लास करायचा, हे ठरवतात कसं?’’

ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिला डोकं नाही, हे मला पटणारच नाही. वर्गात उदाहरण असतं प्राण्यांचं. कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करते, स्क्रीनवर तसं छापून येतं. तीस ओळींचा हा खेळ क्लासशिवायही झाला असता आणि पोरांना ते बरोब्बर जाणवतं. मग एवढा खटाटोप कशासाठी, हे विचारायची सोय नसते, कारण व्हायवाला व्याख्याच विचारतात.

म्हणून तिला मागची गोष्ट सांगितली. नॉर्वेत ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन नीगोर यांनी 1960च्या दशकात सिम्युला ही भाषा केली. क्लास आणि ऑब्जेक्ट आले ते तिच्या 1967च्या आवृत्तीत. सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या व्यवहाराची कॉम्प्युटरवर नक्कल, करायचं म्हणजे एकाच जातीच्या पुष्कळ गोष्टी एकदम सांभाळायच्या आणि प्रत्येकीची स्थिती वेगळी ठेवायची. पुढे बियार्ने स्ट्रॉस्ट्रूपला सिम्युलातली ही मांडणी आवडली, पण तिचा संथपणा परवडेना. मग 1979मध्ये त्याने सीलाच क्लास जोडायला घेतले आणि त्यातून सी प्लस प्लस झाली. म्हणजे मोठे प्रोग्रॅम आवरेनात तेव्हा लोकांनी हे शोधलं. छोट्या प्रॅक्टिकलमध्ये त्याचा उपयोग दिसत नाही, यात सायलीचा काय दोष?

मग मेट्रोच्या कार्डाचा प्रोग्रॅम घेतला. प्रत्येक कार्डाची शिल्लक निराळी, भाडं कापण्याची रीत सगळ्यांची एकच. क्लास तिने स्वतःच लिहिला, कुठे अडलीही नाही. नंतर मी चार ओळी वाढवल्या: ‘अ’ हे शंभर रुपयांचं नवं कार्ड. ‘ब’ = ‘अ’. ‘ब’मधून वीस रुपये काप. आता ‘अ’ची शिल्लक किती?

‘‘शंभर.’’

जावात उत्तर ऐंशी येतं. कार्ड एकच तयार झालंय, ‘अ’ आणि ‘ब’ ही दोघं त्याच्याकडेच बोट दाखवतात. तिचा चेहरा पडला. पण शंभर कुठून आलं, ते बघा. सीमध्ये स्ट्रक्चर (एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा) असं दिलं की त्याची नक्कल होते, तिथे शंभरच बरोबर. पहिल्या सेमला नीट शिकलेली गोष्ट तिने इमानदारीत पुढे वापरली होती. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा ताठ बसली आणि कागदावर चौकटी काढायला लागली: नवं कार्ड म्हटलं की नवी चौकट, नुसतं नाव दिलं की नुसता बाण. बराच वेळ आम्ही तेवढंच करत होतो.

दुसरी भीती होती ती पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेनची, म्हणजे जावाचा प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या ओळीची. अर्थ कळत नसताना ती ओळ रोज लिहायची, त्यामुळे तिला वाटायचं की आपल्याला मूळच कळलेलं नाही. ती तूर्तास तशीच लिहीत जा, म्हटलं. 2025मध्ये आलेल्या जावा 25मध्ये छोट्या प्रोग्रॅमसाठी या ओळीची सक्तीच काढून टाकलीये. भाषेच्या कर्त्यांनाही नवशिक्यांची दया आली म्हणायची.

आणि वर्गातली ती भराभर उत्तरं देणारी मुलं? चौकशी करायला लावली. दोघांनी बारावीला बायफोकलमध्ये (व्यावसायिक विषय म्हणून) कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं.

अभ्यासात बदल एवढाच केला: व्हिडिओ कमी, आणि रोज जर्नलमधल्या एकाच प्रोग्रॅमची एखादी ओळ बदलायची, रन करण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं. चुकलं तर चौकटी परत काढायच्या. मध्यरात्रीनंतर लॅपटॉप बंद. आईंना सांगितलं, निकालाबद्दल रोज विचारू नका. ते त्यांना सगळ्यात जड गेलं.

परीक्षेत इंटरफेसचा (जावातलाच आणखी एक भाग) प्रश्न तिने सोडूनच दिला, बाकीचा पेपर लिहिला आणि पास झाली. मार्क बेताचे. कॉमर्सचा विषय निघाला नाही. जूनमध्ये आईंचा फोन आला, ‘‘मॅडम, पुढे डेटा स्ट्रक्चर अवघड असतं म्हणे. आत्ताच क्लास लावून टाकू का?’’

म्हटलं, ‘‘ताई, सायलीला विचारलंत का?’’