दातात भरलेले कॉम्पोझिट दाताला कितपत घट्ट चिकटते?

दोन वर्षांपूर्वी दाढेत भरलेल्या दाताच्या रंगाच्या सिमेंटभोवती, म्हणजे कॉम्पोझिटभोवती, तपकिरी रेघ दिसू लागली आहे, तेव्हा तिथे फट पडून आत पुन्हा कीड लागली का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात दंतवैद्य आहे. ज्या गावात सुपारी-तंबाखूचा खर्रा इतका खाल्ला जातो, तिथे अशी रेघ बहुतेक वेळा निव्वळ डाग निघते. तरी आपली शंका अस्थानी नाही.

कॉम्पोझिट दाताला सगळीकडे सारखे चिकटत नाही. एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर, साधारण ३७ टक्के फॉस्फरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतली आणि दात वाळवला, की चकाकणारा पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो. त्यातल्या सूक्ष्म खाचांत बाँडिंगचा द्रव शिरून कडक होतो आणि ही पकड वर्षानुवर्षे टिकते. आम्लाची ही युक्ती १९५५ सालापासूनची आहे. एनॅमलखालचे डेंटिन मात्र मुळातच ओलसर असते, त्यामुळे तिथला जोड काळानुसार कमकुवत होत जातो. दोन दाढांच्या मधली कीड हिरडीखाली मुळापर्यंत उतरली असेल, तर खालच्या कडेला एनॅमल उरतच नाही, आणि फटीतून लाळ आत झिरपणे बहुधा तिथूनच सुरू होते.

शिवाय निळ्या प्रकाशाने कडक होताना कॉम्पोझिट घनफळाने साधारण २ ते ३ टक्के आकसते, म्हणून ते सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात. भरताना लाळ लागली तर पकडच बिघडते. चांदी, म्हणजे जुन्या पद्धतीचे धातूचे फिलिंग, दाताला चिकटत नाही, पण तिच्या कडेची फट गंजाने हळूहळू बुजते. कॉम्पोझिटला ही सोय नाही. महागड्या सिमेंटपेक्षा रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून सावकाश भरलेल्या साध्या सिमेंटवर माझा अधिक भरवसा आहे.

केवळ रेघ दिसते म्हणून फिलिंग काढू नये, कारण प्रत्येक वेळी थोडा निरोगी दातही कोरला जातो. कडेवर उपकरणाचे टोक मऊ जागेत रुतत नसेल आणि एक्स-रेमध्ये फिलिंगखाली काळी छाया नसेल, तर पॉलिश करून पाहणे पुरेसे असते. एक्स-रे पाहताना हिरडीलगतची कड नीट तपासायला आपल्या डॉक्टरांना सांगा. आरशात ती आपल्याला दिसणार नाही.