फोटोमागे ‘स्पिटफायर’ लिहिलंय, तरी आधी विमान नीट बघा

आजोबांच्या ट्रंकेत विमानाजवळचा फोटो सापडला, मागे पेन्सिलीनं ‘स्पिटफायर, ब्रह्मदेश, १९४४’ आहे, आता त्यांच्या हवाईदलातल्या सेवेची नोंद कुठे शोधू, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझी दोन वर्षं डोळ्यांपुढे आली. अर्ज, वारसाचे पुरावे हे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

माझे आजोबा (आईचे वडील) हवाईदलात फिटर. घरात सगळे त्यांना ‘स्पिटफायरवाले’च म्हणायचे. भारतीय हवाईदलात स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं पहिल्यांदा ८ नंबरच्या स्क्वाड्रनला (विमानांच्या तुकडीला) मिळाली, १९४४ साली. म्हणून अर्जात मी बेधडक तेच स्क्वाड्रन लिहिलं. एका कार्यालयाकडून (नाव घेत नाही) १४ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: या स्क्वाड्रनमध्ये अशी व्यक्ती आढळत नाही. अहो, सेवा क्रमांक त्याच कागदावर होता! त्यावरून शोधायची तसदी कुणी घेतली नाही. त्या १४ महिन्यांत आजोबांबरोबर काम केलेले साताऱ्याचे एक गृहस्थ वारले. त्यांना विचारायचं राहून गेलं ते कायमचंच. अजून राग येतो.

पण मूळ चूक माझी. फोटोतलं विमान हरिकेन होतं, त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान. हरिकेनच्या मागच्या धडावर कापड असतं, त्याखालच्या पट्ट्यांच्या लांब रेघा उमटलेल्या दिसतात. रेडिएटर पोटाखाली मधोमध. स्पिटफायरचं धड पत्र्याचं, गुळगुळीत, रेडिएटर पंखांखाली. चाकंही बघा, हरिकेनची फाकलेली, स्पिटफायरची जवळजवळ. स्पिटफायरच्या पंखांच्या लंबगोल आकाराच्या नादी लागू नका, जमिनीवरून काढलेल्या फोटोत तो कळत नाही. विमानावरच्या हवाईदलाच्या गोल खुणेत लाल ठिपका नसला तरी त्यावरून युद्धाची आघाडी कळेल, विमान नाही. जपानी खुणेशी गल्लत होऊ नये म्हणून तो ब्रह्मदेशाच्या बाजूला आपल्याकडच्या सगळ्याच विमानांवरून काढला होता.

१९४४ ला इंफाळमध्ये अर्जनसिंगांचं (पुढे हवाईदलाचे मार्शल झालेले) १ नंबरचं स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होतं. आजोबा तिथलेच निघाले. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतही जास्त जर्मन विमानं हरिकेननीच पाडली, पण लोकांच्या तोंडी बसली स्पिटफायर. ५००० पौंडांना एक विमान, या हिशेबानं स्पिटफायरसाठी आपल्याकडच्या संस्थानांतूनही ब्रिटनला देणग्या गेल्या. रॉयल एअर फोर्सच्या १२४ नंबरच्या स्पिटफायर स्क्वाड्रनला बडोद्याचं नाव होतं. लढाऊ विमान म्हणजे स्पिटफायर, असं घरोघरी त्यातूनच झालं असावं. हे आपलं माझं मत, मी अभ्यासक नाही.

तर अर्जात फक्त सेवा क्रमांक, नाव आणि भरतीचं साल लिहा. विमानाचं आणि स्क्वाड्रनचं नाव घालूच नका. नियम बदलले असतील तर मात्र आधी चौकशी करा. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाईदल संग्रहालयात दोन्ही विमानं शेजारी ताडून बघता येतात.

आणि फोटो लॅमिनेट करू नका. आमच्या मामांनी आजोबांचं डिस्चार्ज बुक (सेवा संपल्यावर मिळणारी पुस्तिका) लॅमिनेट केलं, शाई कायमची पसरली. तुमचा फोटो इथे टाका, विमानाचं पोट आणि चाकं दिसतील असा.