हॉलिवूडचा अभिनेता टिमोथी शॅलमे 'कॉल मी बाय युअर नेम' या चित्रपटामुळे रातोरात स्टार झाला का? त्याआधी तो काय करत होता?

रातोरात अजिबात नाही. २०१७ मध्ये तो चित्रपट आला तेव्हा टिमोथी २१ वर्षांचा होता, पण २००९ पासून तो टीव्हीवर छोटी-मोठी कामं करत होता.

त्याचा जन्म २७ डिसेंबर १९९५ चा, न्यूयॉर्कमधला. वडील मूळचे फ्रेंच, युनिसेफमध्ये संपादक. आई ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, नाचलेली. बहीण पॉलीनही अभिनेत्री. पण मला घराण्यापेक्षा त्याचं घर महत्त्वाचं वाटतं. तो मॅनहॅटन प्लाझामध्ये वाढला. थिएटरांच्या वस्तीला लागून असलेल्या या दोन टोलेजंग इमारतींत बहुतेक घरं रंगभूमीवरच्या लोकांसाठी राखीव आहेत आणि भाडं मिळकतीच्या प्रमाणात, सरकारी अनुदानातून ठरतं. हाती काम नसलेल्या नटालाही तिथे राहणं परवडतं. गायिका अलिशिया कीझही तिथेच लहानाची मोठी झाली.

पुढे ला गार्डिया हायस्कूल. ही सरकारी शाळा आहे, फी नाही, पण नाट्यविभागात प्रवेश हवा तर ऑडिशन द्यावी लागते. शाळेत असतानाच, २०१२ मध्ये, 'होमलँड' या टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये त्याला अमेरिकेच्या उपाध्यक्षांच्या मुलाची भूमिका मिळाली. २०१४ मध्ये 'इंटरस्टेलर'मध्ये तो नायकाचा मुलगा झाला. एवढा मोठा चित्रपट, पण त्याच्या वाट्याला फार काही आलं नाही आणि गाडी तिथेच अडली. कोलंबिया विद्यापीठ त्याने वर्षभरात सोडलं. स्पायडर-मॅनसाठी ऑडिशन दिली, ती भूमिका टॉम हॉलंडला गेली.

या काळातलं त्याचं काम लोक बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१६ मध्ये त्याने ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांत, 'प्रॉडिगल सन' या नाटकात मुख्य भूमिका केली. रोज रात्री प्रेक्षकांसमोर अख्खं नाटक पेलणं ही नटाची खरी तालीम असते. त्याच वर्षीच्या 'मिस स्टीव्हन्स' या छोट्या चित्रपटात तो नाट्यस्पर्धेला निघालेला अस्वस्थ विद्यार्थी आहे. 'डेथ ऑफ अ सेल्समन' या प्रसिद्ध अमेरिकन नाटकातलं एक स्वगत तो त्यात म्हणतो आणि एवढा वेळ गप्पगप्प असलेला मुलगा एकदम खुलतो. माझ्या मते पुढचा सगळा शॅलमे त्या प्रसंगात आहे.

'कॉल मी...'सुद्धा अचानक हाती लागला नाही. दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनोला तो २०१३ मध्येच भेटला होता, चित्रीकरण सुरू झालं २०१६ मध्ये. त्याआधी काही आठवडे इटलीतल्या क्रेमा गावी जाऊन त्याने इटालियन आणि पियानोचे धडे घेतले. २२ व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. मुख्य अभिनेत्याच्या विभागात इतक्या तरुण नटाचं नाव जुन्या काळातल्या मिकी रूनी या हॉलिवूड नटानंतर, म्हणजे जवळजवळ ८० वर्षांत, आलं नव्हतं.

'ड्यून' तुम्ही पाहिला असेलच. आता 'मिस स्टीव्हन्स' शोधून बघा, दीड तासाचाच आहे.