मुलगा सेफ्टी आणि लाइनबॅकर दोन्ही खेळतोय, हायब्रिड पोझिशनला पुढे स्कोप आहे का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्कोप आहे, भरपूर आहे. (नवख्यांसाठी: सेफ्टी म्हणजे डिफेन्समध्ये सगळ्यात मागे राहून लांबचे पास अडवणारा, लाइनबॅकर म्हणजे त्याच्या पुढे मधल्या फळीत उभा राहून बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडणारा दांडगा.) पण तुम्ही विचारलंय की हायस्कूलचा कोच मुलाला अर्धा वेळ सेफ्टी आणि अर्धा वेळ लाइनबॅकर खेळवतोय, हे चांगलं की वाईट, तर ते मुलापेक्षा कोचवर जास्त अवलंबून आहे. मी अमेरिकेच्या प्रो लीगमधल्या (NFL) ॲरिझोना कार्डिनल्सचा फॅन, त्यामुळे या विषयात चांगलाच पोळलेलो आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

ही पोझिशन आली कुठून तर ऑफेन्समुळे. हल्ली बहुतेक टीम्स सर्रास तीन वाइड रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारे) घेऊन उतरतात आणि टाइट एंड, म्हणजे ब्लॉकही करणारे दांडगे, तेसुद्धा रिसीव्हरसारखे पळतात. समोर 245 पौंडांचा लाइनबॅकर ठेवला तर तो त्यांच्या मागे पळत राहणार, आणि त्याला काढून बारका कॉर्नरबॅक (रिसीव्हरला कव्हर करणारा) आणला की ते बॉल सरळ रनिंग बॅकच्या हातात देऊन मधून घुसणार. म्हणून असा माणूस लागतो जो कव्हरही करेल आणि गार्ड (ऑफेन्सचा धिप्पाड ब्लॉकर) अंगावर आला तरी उभा राहील. आमच्याच ॲरिझोनाने 2014 मध्ये डॅरिल वॉशिंग्टन सस्पेंड झाल्यावर डिओन बुकॅनन नावाच्या रूकी (पहिल्याच सीझनच्या) सेफ्टीला, वजन 210 पौंडांच्या आसपास, सरळ लाइनबॅकरच्या जागी उभं केलं. टॉड बोल्स डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, त्या जागेला सगळे मनीबॅकर म्हणायला लागले, टीमने 11 मॅचेस जिंकल्या, 5 हरल्या. बुकॅननचं जमलं कारण काम एकच होतं आणि ते स्पष्ट होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण यावरच आहे.

आता 2020 चा ड्राफ्ट, म्हणजे टीम्स आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो. लॉकडाउन, कमिशनर स्वतःच्या घराच्या बेसमेंटमधून नावं वाचतायत, आणि आम्ही सगळे नातेवाईक झूमवर. आमचे साडूभाऊ टॅम्पाला असतात, बकनिअर्सचे कट्टर. आठव्या नंबरला कार्डिनल्सने क्लेमसनचा आयझाया सिमन्स घेतला. सहा फूट चार इंच, 238 पौंड, चाळीस यार्ड 4.39 सेकंदात, आदल्या वर्षीचा बट्कस अवॉर्ड (सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरचा). कम्बाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचणीला) त्याला तुझी पोझिशन काय विचारलं तर म्हणाला डिफेन्स. मी घरात ओरडलो एवढा की बायकोने म्यूट केलं. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "अहो ज्याला स्वतःची पोझिशन सांगता येत नाही तो काय खेळणार, टॅकल घ्यायला हवा होता." पाच पिक्सनंतर त्यांच्या टीमने ट्रिस्टन विर्फ्स हा टॅकल (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा) घेतला आणि पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. तेव्हापासून प्रत्येक थँक्सगिव्हिंगला, प्रत्येक गणपतीच्या फोनवर, हा विषय निघतोच.

त्यांचं म्हणणं, सगळं थोडं थोडं येणारी माणसं कशातच चांगली नसतात. आणि हे ते फक्त फुटबॉलबद्दल म्हणत नाहीत, मला उद्देशून म्हणतात. मी आधीच्या कंपनीत टेस्टिंग, रिलीज, रात्रीचा सपोर्ट, जिथे माणूस कमी तिथे मी, आणि अप्रेझलला काय ऐकलं तर तुमच्याकडे डेप्थ नाही. अरे, डेप्थ यायला एका जागी बसू तर द्या!

सिमन्सचं तेच केलं. कोविडमुळे प्रीसीझन रद्द, आणि कॉलेजात जो कधी स्लॉट (आतल्या रिसीव्हरवर), कधी डीप सेफ्टी, कधी पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) होता त्याला इनसाइड लाइनबॅकर बनवलं. पहिल्याच मॅचमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोस्टर्टने त्याच्यावर 76 यार्डांचा टचडाउन मारला आणि पोरगा बेंचवर. ऑक्टोबरमध्ये सीॲटलविरुद्ध मोजकेच स्नॅप्स (डाव) मिळाले त्यात ओव्हरटाइमला त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा पास मधेच पकडला, मॅच आम्ही 37-34 जिंकलो. पुढच्या वर्षी शंभरच्या वर टॅकल्स (इथे टॅकल म्हणजे समोरच्याला पाडणं). मग परत जागा बदल. 2023 मध्ये नवे कोच आले, त्याला सेफ्टी खेळ म्हणाले, आणि सीझन सुरू व्हायच्या आत ड्राफ्टच्या शेवटच्या, सातव्या राउंडच्या पिकवर न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकला. आठव्या नंबरचा माणूस! तिथे जाऊन त्याने वॉशिंग्टनविरुद्ध पिक-सिक्स (पास पकडून थेट टचडाउन) मारला ते साडूभाऊंनी बघितलं नाही बहुतेक.

उलटं उदाहरण मिंका फिट्झपॅट्रिक. मायामी त्याला इकडेतिकडे फिरवत होती, 2019 मध्ये त्याच्या आईने ट्विटरवर जाहीर तक्रार केली, लोक हसले. दोन मॅचनंतर पिट्सबर्गने पहिल्या राउंडचा पिक देऊन घेतला, फ्री सेफ्टीला उभा केला, त्याच सीझनला ऑल-प्रो (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत). माणूस तोच ना? बॉल्टिमोर रेव्हन्सने काइल हॅमिल्टन या सेफ्टीला 2022 मध्ये रूकी असताना मुख्यतः स्लॉटमध्ये ठेवलं, तिथे पक्का झाल्यावर मग बॉक्स (लाइनजवळची जागा), ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून जाणं), डीप सगळं दिलं. 2023 ला ऑल-प्रो, 2025 मध्ये चार वर्षांचे 100.4 मिलियन डॉलर्स. आधी एक घर, मग बाकीचं अंगण.

पैशाचा भाग कुणी सांगत नाही तोही सांगतो. कागदावर पोझिशन काय लिहिली त्यावर फ्रँचायझी टॅगची (टीम खेळाडूला एक वर्ष रोखून धरते त्याची) रक्कम ठरते. 2008 मध्ये टेरेल सग्ज म्हणाला मी डिफेन्सिव्ह एंड, रेव्हन्स म्हणाले लाइनबॅकर, शेवटी मधला आकडा काढून मिटवलं. मायका पार्सन्स ड्राफ्टला लाइनबॅकर होता, क्वार्टरबॅकच्या मागे लागायला लागला आणि 2025 मध्ये ग्रीन बेने 188 मिलियनचा करार दिला. म्हणजे हायब्रिड असाल तर क्वार्टरबॅकच्या दिशेने सरका, हे माझं स्पष्ट मत.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर कोचला एवढंच विचारा की आठवड्यात तो कुठल्या ग्रुपच्या मीटिंगला बसतो, सेफ्टीजच्या की लाइनबॅकर्सच्या. एका ठिकाणी बसत असेल तर निर्धास्त राहा. दोन्हीकडे अर्धा अर्धा असेल तर एक नक्की करून घ्या, आणि कोच चिडला तर चिडू दे. बाकी लहान शाळा असेल तर कदाचित पोरंच कमी असतील आणि त्यामागे काही योजना वगैरे नसेल, तेही बघा. आणि हो, मी स्वतः कधी पॅड्स घातलेले नाहीत, माझी मुलगी टेनिस खेळते, तेव्हा वजन वाढवायचं की नाही हे मला विचारू नका, ट्रेनरला विचारा.

आणि साडूभाऊ, ही लिंक कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकेलच, तर विर्फ्स उत्तम खेळाडू आहे यावर वादच नाही. पण टॅम्पाने त्याला राइट टॅकलला तीन सीझन ठेवला आणि मगच 2023 ला लेफ्टला हलवला, याचं काय ते उत्तर द्या.