निळ्या टाइल्सचं चर्च आणि आपली दगडी देवळं

प्रश्न : माझी भाची पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात शिकते. तिने तिथल्या सांतु इल्देफोन्सो चर्चचा फोटो पाठवला. दर्शनी भिंत निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या टाइल्सनी मढवलेली आहे. हे चर्च मुळापासूनच असं आहे का? दगडी देवळांना टाइल्स लावण्याविरुद्ध तुम्ही याच पानावर लिहिलं होतंत. मग या चर्चचं कौतुक का करायचं?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मुळापासून तसं नाही. चर्चचं बांधकाम १७०९ ते १७३९ मधलं, आणि टाइल्स लागल्या १९३२ मध्ये. सुमारे ११,००० टाइल्स आहेत, चित्रं जोर्जे कोलासो यांची. त्याच शहरातल्या आल्मास चॅपलचीही तीच गोष्ट. इमारत अठराव्या शतकातली, बाहेरच्या जवळपास १६,००० टाइल्स १९२९ च्या. त्या मुद्दाम जुन्या धाटणीत रंगवल्यात, म्हणून जाणकारही फसतात.

आता तुमचा खरा प्रश्न. मी कोल्हापुरातल्या कुंभाराच्या घरातला, पुढे आयुष्यभर मातीकाम शिकवलं. या टाइलला तिकडे अझुलेजो म्हणतात. शब्द अरबीतून आला, अर्थ गुळगुळीत दगड. माती एकदा भाजायची, कथिलाच्या पांढऱ्या झिलईत बुडवायची आणि ती झिलई कच्ची असतानाच वर कोबाल्टने चित्र काढायचं. झिलई टिपकागदासारखी रंग ओढून घेते, त्यामुळे एकदा फिरलेला कुंचला पुसता येत नाही. कोबाल्ट ऑक्साइड तेव्हा काळं दिसतं. निळाई उमटते ती दुसऱ्या भट्टीत. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा भट्टी उघडेपर्यंत रात्रभर झोप लागली नव्हती. हजारो टाइल्सवर विभागलेलं एकच चित्र जुळवायचं, तर भिंतीचं माप आधी हातात लागतं. म्हणजे ही टाइल त्या भिंतीसाठीच जन्मलेली असते. दारं-खिडक्यांच्या घडीव दगडी चौकटी मात्र पोर्तोच्या त्या चर्चवर उघड्या ठेवल्या आहेत.

आपल्याकडे काय होतं? दुकानातली तयार टाइल आणतात आणि सिमेंटने ती धरावी म्हणून घडीव काळ्या दगडावर टाचे मारतात, म्हणजे छिन्नीने खाचा पाडतात. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या एखाद्या शिल्पावर असा टाचा पडलेला डोळ्यांसमोर आणा. टाइल उद्या काढता येईल, टाचा कसा काढणार? शिवाय मागे मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. माझा राग टाइलवर कधीच नव्हता. ती लावताना खालच्या कारागिराचं काम मारलं जातं, त्यावर आहे.

भाचीला सांगा, फोटो काढून परतू नकोस, आत जा. मंडप लांबट अष्टकोनी आहे, आणि वेदीमागची सजावट निकोलाउ नासोनी या इटालियन कलावंताच्या आराखड्यावरून १७४५ मध्ये केलेली आहे.

तुम्हाला मात्र पोर्तोला जायची गरज नाही. याच कोलासोंनी केलेल्या टाइल्स पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात आहेत, १९३५ च्या. आंबोली घाट उतरून दिवसभरात जाऊन येता येतं. अगदी जवळ उभे राहा आणि एका टाइलवरून दुसरीवर जाणारी रेषा सांध्यापाशी कशी जुळते ते बघा.